कुलूप नसलेला फोन

९ जानेवारी २०१८, मंगळवार

आज परत विचारलं. जिन्यात. वरच्या मजल्यावरच्या वासंतीकाकू — काय गं, कांचू बोलते की नाही आता? मी म्हणलं, बोलते की, घरात तर तोंड बंद नसतं. खोटं बोलले. पोरगी दिवाळीत तीन वर्षांची झाली आणि तोंडातून नुसतं अं-अं. पाणी पाहिजे तर माझं बोट धरून माठाकडे नेते. बस.

ही डायरी यांना कारखान्यातून मिळते दरसाल. तशीच पडून असते. मी आठवी पास, माझं अक्षर कोण वाचणार. आईंना, म्हणजे सासूबाईंना, चष्मा लावूनही बारीक दिसत नाही. म्हणून लिहिते. कोणाशी तरी बोलायला पाहिजे ना.

११ जानेवारी

कांचूला शहरात कोलार रोडच्या डॉक्टरांना दाखवून आलो. कारखान्याच्या दवाखान्यात फुकट झालं असतं. पण तिथे चिठ्ठी काढणारा आमच्याच सेक्टरचा, आत सुई देणारी मागच्या ब्लॉकची. हे म्हणाले, तिथे नको, संध्याकाळच्या आत सगळ्या टाउनशिपला कळेल. आईंना सांगितलं, लस द्यायला नेतोय. आई म्हणाल्या, बरं. दुसरं काही विचारलं नाही.

कान चांगले आहेत! डॉक्टर म्हणाले ऐकू येतं, बोलणं मागे आहे, घरी रोज करून घ्यावं लागेल. काय करून घ्यायचं ते शिकवणाऱ्या बाई महिन्यातून एकदाच येतात. मधल्या दिवसांत मी काय करू? ते कोणी सांगितलं नाही.

बाकावर शेजारी एक बाई बसल्या होत्या. वंदनाताई. मराठी ऐकून बोलल्या. त्यांचा दत्तू पाच वर्षांचा. चार वर्षांपर्यंत एक शब्द नाही, आता म्हणे केळेवाल्याशी भांडतो. मला हसू आलं. किती दिवसांनी आलं.

त्यांनी सांगितलं, आमचा एक ग्रुप आहे. अशाच पोरांच्या आया. मराठी घरातल्या — इंदूर, उज्जैन, इकडच्या. एक फोल्डर आहे, त्यात सगळ्यांनी आपापले व्हिडिओ टाकलेत. पोराकडून काय करून घ्यायचं, कसं बसवायचं, तोंड कसं धरायचं. पण बाहेरच्याला उघडत नाही. "आतल्या कोणी तरी नाव घ्यावं लागतं. मी तुझं घेईन."

अर्ध्या तासाची ओळख. का घेतील माझं नाव?

१२ जानेवारी

मला भीती वाटते. तो ग्रुप नको, काही नको.

१४ जानेवारी

तिळगूळ घेऊन बायका येऊन गेल्या. कांचूला म्हणाल्या, गोड गोड बोल. ती लाडू चाटत बसली. एक जण म्हणाली, अगं लाजते वाटतं. आई पटकन म्हणाल्या, आमच्याकडे पोरी उशिराच बोलतात, हिची आत्या पण तशीच होती. मला तर नणंदच नाही. चुलत असेल.

यांना ग्रुपचं सांगितलं. हे फिटर आहेत, सगळं कारखान्याच्या गेटवरून मोजतात. म्हणाले, "आमच्याकडे पाहुणा आत न्यायचा तर आपली सही लागते. तो बाहेर पडेपर्यंत त्याने काही केलं तर मान आपली. ती बाई तुझ्यासाठी सही करतेय. तिला काही पाहिजे असेल तुझ्याकडून." मग कूस बदलून म्हणाले, बघ तू. पण आईच्या कानावर नको, तिला रक्तदाब आहे.

काय पाहिजे असेल?

१९ जानेवारी

शकुंतला मॅडमचा फोन आला. ग्रुप त्यांचा, इंदूरच्या, आधी अशा मुलांच्या शाळेत शिकवायच्या. आवाज कडक. गॅलरीत जाऊन बोलले, आई भाजी निवडत होत्या आत.

सगळं विचारलं. पोरगी डोळ्यात बघते का, हाक मारली की वळते का. मग घरात कोण कोण. मग — फोन कोण हाताळतं? मी म्हणलं मीच. फोनला लॉक आहे ना? मी म्हणलं हो.

नाही. लॉक नाही.

मग नियम सांगितले. पोराचं नाव लिहायचं नाही, पहिलं अक्षर फक्त. पाहायचं, उतरवून घ्यायचं, करून घ्यायचं — पण पुढे कोणाला पाठवायचं नाही, बहिणीला नाही, आईला नाही. नुसतं घेणारी बाई चालत नाही, आपल्या पोराचा व्हिडिओ आधी द्यायचा. आणि काही बाहेर गेलं तर जिच्याकडून गेलं ती बाहेर, आणि तिला आणणारी पण बाहेर. मग कोणाचंही रडणं ऐकणार नाही म्हणाल्या.

म्हणजे हे म्हणाले तेच. गेटवरची सही.

२० जानेवारी

लॉक लावून बघितलं. आईंनी दुपारी फोन घेतला — त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे, भजनं आणि भुसावळच्या मावशींशी बोलणं माझ्या फोनवरच होतं — आणि म्हणाल्या, हे काय आलं गं, आकडे मागतोय. मी लगेच काढून टाकलं. म्हणलं चुकून लागलं.

काय सांगणार त्यांना? सुनेने फोनला कुलूप लावलं म्हणजे काय समजायचं घरात? समोरच्या क्वार्टरमधल्या सुनेने लावलं होतं, तर तिच्या सासूने तिच्या माहेरी फोन केला होता. मॅडमना काय कळतंय. त्या एकट्या राहत असतील.

२३ जानेवारी

व्हिडिओ पाठवला. कांचूचे हात फक्त. डबे एकावर एक ठेवते तेवढं. तोंड नाही घेतलं. मॅडमचा निरोप आला — हात बोलत नाहीत. तोंड दिसलं पाहिजे. ओठ, जीभ, डोळे. त्याशिवाय मी काय सांगू, आणि बाकीच्या आयांनी तुझ्यावर विश्वास का ठेवावा?

खरं आहे. पण ज्यांना मी बघितलं नाही त्या बायकांच्या हातात माझ्या पोरीचं तोंड द्यायचं? कोणाचा नवरा बघेल, दीर बघेल. उद्या तिच्या लग्नाच्या वेळी कोणी दाखवलं तर? ही बघा, मुकी होती.

लिहिलं तो शब्द. आजपर्यंत लिहिला नव्हता.

२६ जानेवारी

झेंडावंदनाला हे गेले, आई पण गेल्या मैदानावर. घर रिकामं मिळालं. कांचूला भिंतीशी बसवलं तर लक्षात आलं — भिंत! अर्धी निळी अर्धी पांढरी, वर जाळीची खिडकी, बाजूला सिमेंटचं कपाट. टाउनशिपच्या सगळ्या क्वार्टर एकसारख्या. इथला कोणीही बघेल तर एका नजरेत म्हणेल, हे आपल्यातलंच घर. मग कोणाचं ते शोधायला किती वेळ.

माझी लाल साडी खिडकीपासून कपाटापर्यंत बांधली. मग घेतला. कांचूने बघितलं सरळ फोनमध्ये, आणि अं-अं करून हात पुढे केला. मला वाटलं मला म्हणतेय, कोणाला देतेस मला?

पाठवला.

संध्याकाळी फोल्डर उघडलं.

२८ जानेवारी

किती पोरं! मला वाटायचं अख्ख्या जगात माझी एकटीच. एक फुगे फुगवतो. एक आरशासमोर जीभ काढते आणि स्वतःलाच हसते. एकाच्या आईचा आवाज मागून — म्हण ना रे राजा, आई म्हण — आणि मग ती रडते आणि व्हिडिओ तिथेच बंद. मी पण रडले. त्या बाईंना ओळखत नाही पण सकाळी पोळ्या लाटताना त्यांचाच आवाज कानात.

मी तर साडी बांधली. यांच्यापैकी काहींनी काहीच झाकलेलं नाही. देव्हारा दिसतो, नवऱ्याची बनियन दिसते. मी सगळं बघते पोटभर.

दत्तूचा पण आहे जुना. परातीत मुरमुरे, तो फुंकर मारून इकडचे तिकडे नेतो. गाल फुगवतो, लाळ गळते, वंदनाताई मागून म्हणतात शाब्बास माझ्या वाघा.

६ फेब्रुवारी

रोज करते. दुपारी आई पडल्या की. मुरमुरे, आरसा, मध ओठांना लावून जिभेने चाटायचा. आज आई उठून आल्या. घरभर मुरमुरे. म्हणाल्या, "हा कोणता खेळ? चिवडा करायचा तर सरळ सांग." मग खाली बसून गोळा करायला लागल्या. कांचूने त्यांच्या तोंडावर फुंकर मारली. त्यांनी परत मारली. बराच वेळ दोघींचं चाललं. मी काही सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही.

१७ फेब्रुवारी

ब! ब-ब-ब. बादलीकडे बघून. मी यांना कामावर फोन केला, आत फोन नेता येत नाही ते विसरूनच गेले.

मॅडमनी कांचूचा व्हिडिओ बघून सांगितलं होतं ओठांचं आधी घे. त्यांनी तोंड बघितलं म्हणून सांगता आलं. वंदनाताईंना सांगितलं तर त्या फोनवरच ओरडल्या आनंदाने. मी विचारलं शेवटी — ताई, तुम्ही माझं नाव का घेतलंत? म्हणाल्या, "तू बाकावर पोरीचं तोंड पदराने झाकून बसली होतीस. मी पण तशीच बसायचे."

काही नको होतं त्यांना.

५ मार्च



आज वासंतीकाकूंकडे भिशी. सगळ्या मराठीच. चहा झाल्यावर एकीने फोन फिरवला, हे बघा काय आलंय आपल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर. सगळ्या हसतायत. माझ्यापर्यंत फोन आला. दत्तू. परात, मुरमुरे, फुगलेले गाल, लाळ. वंदनाताईंचा आवाज काढून टाकलाय आणि वर लिहिलंय — गॅस महागला, चूल फुंकायला माणूस मिळेल.

मी पण हसले. हसले मी! नाही हसले तर विचारतील म्हणून.

एक जण म्हणाली, पोरगं जरा तसं वाटतं गं, हसू नये. वासंतीकाकू म्हणाल्या, अगं मग आईबाप कशाला टाकतात असं लोकांसमोर?

घरी येऊन दार लावून बसले. फोल्डरमधून बाहेर गेला. मग कांचूचा पण गेला असेल. आज नाही तर उद्या याच फोनवर, याच खोलीत.

७ मार्च

मॅडमनी फोल्डर बंद केलं. म्हणाल्या, कुणीतरी बाहेर टाकलाय, जिने टाकला तिने स्वतःहून सांगावं, तोपर्यंत कुणालाच काही मिळणार नाही.

वंदनाताईंचा फोन. रडत होत्या. दत्तूच्या शाळेच्या गाडीत मोठी पोरं गाल फुगवून दाखवतात त्याला. तो दोन दिवस बोललाच नाही घरी. त्यांना वाटतंय परत गेलं सगळं मागे.

मग म्हणाल्या, "ग्रुपात तुझं नाव घेतायत. नवीन तूच ना. मी सांगितलं, निर्मला नाही. मी ओळखते तिला."

मी म्हणलं, ताई शपथ, मी कोणाला नाही पाठवला.

८ मार्च

कोण असेल? त्या फुगेवाल्या पोराची आई? की ग्रुपात जिचं नाव म्हणून नुसतं एक अक्षर दिसतं ती? एकेकीचा विचार करते. ज्यांच्याबरोबर रडले त्याच बायका आता चोर वाटतायत.

११ मार्च

सापडलं. माझ्याच घरात.

आईंनी फोन मागितला, मावशींचा निरोप ऐकायचाय. त्यांचं नि मावशींचं बोलणं मी कधी उघडत नाही, कशाला उघडायचं. आज देताना बोट लागलं आणि उघडलं. वर दत्तू. फेब्रुवारीतला. आईंनी पाठवलेला. त्याखाली आईंचा आवाज.

मी आईंसमोरच लावला. थांबवताच आलं नाही.

"अगं कमल, हा पोरगा बघ, असं करवून घेतात म्हणे. आपल्या कांचूचं पण असंच आहे. सून सांगत नाही, मी विचारत नाही, तिला वाटेल सासू टोचते. तुझ्या सुभाषला उशिरा वाचा फुटली होती ना? तू काय केलं होतंस ते सांग. मी करते दुपारी तिच्याबरोबर."

आई भिंतीकडे बघत होत्या. मी पण.

तिथेच मावशींना फोन लावला तर कळलं, त्यांनी नातवाला दाखवला, कसं करतात ते समजून घ्यायला. नातवाने उचलून कुठे कुठे टाकला. वर ते चूल फुंकायचं त्यानेच लिहिलं की दुसऱ्या कोणी, माहीत नाही.

मी विचारलं, आई, कांचूचा पण होता फोनमध्ये. तो नाही पाठवला?

त्या म्हणाल्या, "आपल्या पोरीचं तोंड कुणाला दाखवायचं का?"

बोलून झाल्यावर त्यांनाच कळलं काय बोलल्या ते. उठून आत गेल्या. जेवल्या नाहीत.

मी तरी वेगळं काय केलं? साडी मी बांधली होती.

१२ मार्च

हे म्हणाले, गप्प बस. तुमच्यात वीस-पंचवीस बायका, कोणाला कळणार? आईचं नाव बाहेर काढणार का तू? आणि कांचूचं शिकणं बंद होईल ते वेगळं.

बरोबरच आहे त्यांचं. आत्ता कुठे ब आला, म यायचा आहे. मी बोलले तर फोल्डर गेलं. माझं जाईल ते जाऊ दे — वंदनाताईंचं पण जाईल. ज्यांच्या पोराचं वाटोळं झालं त्यांनाच बाहेर काढणार! आणि मी गप्प बसले तर त्या अजून सांगत फिरतील, निर्मला नाही, मी ओळखते तिला.

आई नुसत्या कामात असतात. त्यांच्यावर राग धरायचा म्हणते तर धरता येत नाही. मला वाटायचं कळलं तर मला माहेरी पाठवतील. आणि त्या माझ्याच फोनवर माझ्या पोरीसाठी औषध विचारत होत्या. एका घरात दोघी, दोघी एकमेकींपासून लपवतोय, आणि त्यात तिसरीचं पोर उघडं पडलं.

लॉक लावलं असतं तर हे झालं नसतं. पण मग आईंना माहीत आहे हे पण मला कधी कळलं नसतं. असा विचार करायचा नाही. दत्तूचा विचार करायचा.

१५ मार्च

वंदनाताईंना सांगितलं. सगळं. लॉकचं पण — की मॅडमना खोटं सांगितलं होतं.

मागे दत्तूचा आवाज येत होता, काहीतरी मागत होता.

"मी तुझ्यासाठी दोनदा बोलले," एवढंच म्हणाल्या. ठेवला फोन.

१६ मार्च

मॅडमना पण मीच सांगितलं. रडणं ऐकणार नाही म्हणाल्या होत्या, मी रडले नाही. वंदनाताईंना ठेवा म्हणून हात जोडले, फोनवर कोण बघतं. म्हणाल्या, नियम त्यांना माहीत होता. आज एकीसाठी मोडला तर उद्या माझ्या भरवशावर कोण पोर सोडेल?

आम्ही दोघी बाहेर. फोनमध्ये उतरवलेले सगळे व्हिडिओ पुसायला सांगितले होते ते पुसले. फुगेवाला, आरशातली, सगळे. शेवटी दत्तू.

आई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, पूस. माझ्या ध्यानात आहेत सगळे.

२ एप्रिल

आई रोज बसतात कांचूबरोबर, आता भर सकाळी, खिडकी उघडी टाकून. वंदनाताई फोन उचलत नाहीत. मी रोज एकदा करते. एकदाच.

फोनला लॉक लावलं. आईंना आकडे सांगितले. त्या म्हणाल्या, मला नको सांगू.

भिशीच्या बायका अजून गाल फुगवून दाखवतात एकमेकींना. मंडळाच्या ग्रुपवर परत आला तो व्हिडिओ, दुसऱ्या कोणाकडून.

१४ एप्रिल

मंडळाचं चैत्राचं हळदीकुंकू. आईंनी कांचूला नवा फ्रॉक घातला, म्हणाल्या हिला पण घे. मी कधी नेत नाही तिला बायकांत. आंब्याची डाळ वाटून झाली आणि आई उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तो चूल फुंकणारा पोरगा आमच्या घरातून गेलाय. मी पाठवला. त्याला बोलायला शिकवत होती त्याची आई. ही माझी नात, ही पण बोलत नाही. हसायचं असेल तर हिला हसा, ही समोर आहे." मग वासंतीकाकूंनी आपला फोन माझ्यापुढे धरला — मला पुसता येत नाही गं, तू पूस. त्यांच्यामागे दुसरीने. मी पुसत गेले. हे दुसऱ्या शिफ्टला आहेत. घरी येतील तोवर त्यांना गेटवरच कळलेलं असेल.